पर्यायी भाजणी

हातघडणीच्या शोभेच्या मातीकामावरचं एक इंग्रजी पुस्तक काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अनुवादासाठी आलं. चाक न वापरता भांडी आणि आकृती कशा घडवायच्या आणि विजेची किंवा गॅसची भट्टी नसताना त्या कशा भाजायच्या, हा त्याचा विषय. खड्डा खणून, पिंपात लाकडाचा भुसा भरून, शेण्या रचून, लालबुंद भांडं चिमट्याने बाहेर ओढून. या सगळ्या रीतींना इंग्रजीत मिळून एकच नाव आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो 'पर्यायी भाजणी'. मी तेच लिहिलं. पहिल्या प्रकरणाचा मसुदा नागपूरला आईकडे पाठवला, कारण माझं मराठी बंगालीकडे कललं की ते तिला माझ्याआधी कळतं. तिचा फोन आला. "पर्यायी भाजणी म्हणजे काय गं? तांदूळ घालायचेच नाहीत का?"

थालीपिठाच्या भाजणीशी झालेली ही गल्लत मी तेव्हा हसण्यावारी नेली. पण मसुदा पुन्हा वाचताना लक्षात आलं, की मातीकामासाठी मी वापरलेलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद स्वयंपाकघरातलं होतं. माती मळायची, तिंबायची. चिमटीत दाबून वाटी करायची. वळ्या वळून एकावर एक रचायच्या. लाटून लादी करायची, हाताने थापायची, सुकवायची, भाजायची. यातलं एकही क्रियापद मी ओढूनताणून आणलेलं नव्हतं. चाक बाजूला केलं की मराठीत कुंभारकाम आपोआप बायकांच्या कामाच्या भाषेत येतं. आणि ते भाषेपुरतंही नाही. देशात अनेक ठिकाणी कुंभाराच्या घरातल्या बाईने चाकावर बसायचं नाही असा दंडक होता, पण हाताने घडवण्याची, थापून वाढवण्याची, रंगवण्याची कामं तिचीच. मणिपुरात अंद्रो इथे तर चाकच नाही आणि मडकी घडवतात त्या बायकाच.

तेव्हा 'भाजणी' हा शब्द मी ठेवला. अडचण त्याच्या आधीच्या शब्दाची होती. पर्यायी, पण कशाला?

मी खिदिरपूरला राहते. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते. त्या रेल्वेचं मुख्यालय इथून जवळच, गार्डनरीचला. नागपूरच्या माणसाला कलकत्त्यात आणून टाकायला यापेक्षा सरळ वाट नव्हती. पुढे रेल्वेचं नाव बदललं, दक्षिण पूर्व झालं, वडीलही त्यातच लागले, निवृत्त होऊन आईबाबा नागपूरला परतले आणि मी मागे राहिले. यादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. केलं ते इथूनच येऊन-जाऊन. खिदिरपूर म्हटलं की लोकांना गोदी आठवते, नाहीतर फॅन्सी मार्केट. साहित्याच्या विद्यार्थ्यांना मायकेल मधुसूदन दत्त, कारण त्यांच्या वडिलांचं घर याच वस्तीत होतं. मला आठवतो गाळ. हुगळीचा राखाडी, चिकट गाळ, ज्याच्याशी गोदी बांधल्यापासून माणसं झगडत आली आहेत आणि ज्याच्यातून इथल्या देवी उभ्या राहतात.

लहानपणी तक्ता घाटावर विसर्जन बघायला जायचो. देवीची मूर्ती कच्च्या मातीची असते, भाजलेली नसते. पाण्यात गेली की आधी रंग सुटायचा, मग बोटं, मग नाकडोळे, आणि शेवटी उरायचा पेंढ्याचा आणि बांबूचा सांगाडा. (आता महापालिकेची माणसं सांगाडे लगेच ओढून काढतात, नदीसाठी ते बरंच आहे.) घाटाच्या वरच्या बाजूला चहाची टपरी आणि तिच्या बाजूला फुटक्या भांडांचा ढीग. 'भांड' म्हणजे बंगाली चहाचा मातीचा पेला. तो पावसात भिजायचा, पायाखाली चुरडला जायचा, पण विरघळायचा मात्र कधीच नाही. दोन्हीकडे मातीच, पण एक नदीत परत जाणारी आणि दुसरी न जाणारी. फरक आगीचा. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांच्या घडणीतच बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर कितीही भिजवलं तरी त्या तुकड्यांचा पुन्हा चिखल होत नाही. जोर्वे नाहीतर इनामगावच्या खापरांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांबद्दल बोलता येतं ते एवढ्यामुळेच.

आपल्या साहित्यात माती किती आणि आग किती, हे एकदा या नजरेने पाहावं. छांदोग्य उपनिषदातला मातीच्या गोळ्याचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे: एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं, बाकीचे आकार म्हणजे नुसती नावं. हा दृष्टांत आपल्या संतकाव्यात, निरूपणात, कीर्तनात इतका मुरला आहे, की घट म्हटलं की पुढची ओळ श्रोताच पुरी करतो. पण तो खरा आहे कच्च्या घटापुरताच. भाजलेल्या घटाची माती होत नाही, फार तर खापरी होते. दृष्टांतात आव्याला जागाच नाही. आधुनिक कवितेतही माती म्हणजे आई, माती म्हणजे गाव, माती म्हणजे मुळं. ओली, सुगंधी, क्षमाशील. आग आली की ती क्रांतीची किंवा सरणाची. कुंभाराची आग, जी दर पंधरा-वीस दिवसांनी पेटते आणि जिच्यावर महिन्याचा किराणा अवलंबून असतो, तिच्याबद्दल कविता गप्प असतात.

आव्याकडे नीट पाहिलं ते तर्कशास्त्र्यांनी. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांत शतकानुशतकं चाललेला एक वाद आहे: काळसर कच्चा घट आव्यात जातो आणि लाल होऊन बाहेर येतो, तेव्हा मध्ये नेमकं काय घडतं? वैशेषिकांचं उत्तर पीलुपाक. पीलू म्हणजे परमाणू. आगीने घट परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा रंग बदलतो, आणि ते पुन्हा जुळून नवा, लाल घट तयार होतो. हे इतक्या वेगाने होतं की दिसत नाही. यात किती क्षण जातात याचाही हिशेब त्यांनी मांडला. नैयायिकांचं उत्तर पिठरपाक. पिठर म्हणजे भांडं. घट मोडत नाही, आहे तसाच राहून अंतर्बाह्य बदलतो. मध्येच जर तो परमाणूंत विखुरला असता, तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळली नसती का?

हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मला वाटलं, विचारणारा कधीतरी आव्यासमोर उभा राहिला असणार. मडकी एकावर एक रचलेली असतात हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच हा मुद्दा सुचेल. पुढे नव्यन्यायाचं मोठं पीठ बंगालमध्येच, नवद्वीपला झालं. तिथून नावेत बसलं तर नदी थेट आमच्या घाटाशी आणून सोडते. अनुवादकाच्या कामालाही मी हा प्रश्न लावून पाहते, उगाचच. मूळ वाक्य आहे तसं राहून रंग बदलतं, की शब्दाशब्दापर्यंत सुटं होऊन दुसऱ्या भाषेत नव्याने जुळतं? मी मनाने नैयायिक आहे. कामाच्या टेबलाशी मात्र बहुतेक दिवस वैशेषिक.

आता ते पुस्तक. त्याच्या लेखनाचा सूर या विषयावरच्या बऱ्याच इंग्रजी लेखनाचा सूर आहे. आगीपुढे शरण जा. निकाल तुमच्या हातात नाही. प्रत्येक भांडं म्हणजे एक आश्चर्य. हा सूर कुठून आला हे शोधत मी बर्नार्ड लीचपर्यंत गेले. १९११ साली टोकियोत एका मेळाव्यात त्याने एका भांड्यावर चित्र काढलं, ते डोळ्यांदेखत राकू पद्धतीने भाजलं गेलं, आणि थोड्याच वेळात त्याच्या हातात आलं. त्या एका प्रसंगाने हा चित्रकार कुंभार झाला. १९४० साली त्याचं 'अ पॉटर्स बुक' आलं आणि इंग्रजी जगातल्या स्टुडिओ पॉटरीचा ते जणू धर्मग्रंथ झालं. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनरने तापलेलं राकू भांडं पालापाचोळ्यात धुमसवायला सुरुवात केली. चकाकीला पडलेल्या तड्यांत धूर शिरतो आणि काळ्या रेषांचं जाळं उमटतं. आज शहरांतल्या कार्यशाळांमध्ये राकू म्हणून जे शिकवतात ते बहुतेक हेच. जपानात मूळचं राकू यापेक्षा पुष्कळ शांत आहे: क्योतोच्या एका घराण्याने चहाच्या पेल्यांसाठी सोळाव्या शतकात सुरू केलेली, चाकाशिवाय हाताने घडवण्याची रीत. तिथे आज सोळावी पिढी काम करते. सोळा पिढ्या जे करत आल्या त्याला ते पर्यायी म्हणत असतील असं वाटत नाही.

लीचचा तो प्रसंग सुंदरच आहे. पण तो पाहुण्याचा प्रसंग आहे. पाहुण्याला आग म्हणजे नवल, कारण उद्या त्याला तीच आग पुन्हा पेटवायची नसते. माझी तक्रार अशी, की त्यानंतरचं बरंचसं लेखन पाहुण्याच्याच जागेवरून झालं. लीचने यानागी सोएत्सुचे लेख इंग्रजीत आणले ते १९७२ साली 'द अननोन क्राफ्ट्समन' या नावाने. त्यात तर निनावीपण हाच कारागिराचा गुण ठरला. ते पुस्तक मी फार प्रेमाने वाचलं होतं, विद्यार्थी असताना. आता वाचते तेव्हा प्रत्येक पानाला विचारते, अनोळखी कोणाला?

पाहुणी मीही आहेच. अनुवाद करताना नुसते शब्द पुरेनात म्हणून एका हौशी गटात गेले. गच्चीवर पिंपाची भट्टी, आम्ही सातजण. माझी वळ्यांची बुटकी सुरई चिमट्यातून भुशात गेली, भुसा भडकला, आणि झाकण घालताना माझं मनगट भाजलं. मराठीत भांडं भाजतं आणि मनगटही भाजतं, क्रियापद एकच. बंगालीत तर याहून कडक. तिथे भाजलेल्या मातीला 'पोडामाटी' म्हणतात, जळलेली माती. घर जळतं तेव्हा हेच क्रियापद येतं आणि दुर्दैवी माणसाच्या कपाळालाही हेच विशेषण लागतं. इटालियन 'टेराकोटा' म्हणजे शिजलेली माती, आपल्या 'पक्व'च्या आणि 'पाक'च्या जवळची. इंग्रजी मात्र भांड्याचं काय होतं हे सांगतच नाही, नुसती आग लावते. एकाच आव्यासमोर या भाषा उभ्या केल्या तर एकीला त्यात स्वयंपाक दिसतो आणि दुसरीला आगडोंब. सुरईवरचा धुराचा डाग मात्र फार देखणा आला होता. तो मला दाद मिळवून देऊन गेला, आणि तो कसा आला हे मला आजही सांगता येणार नाही.

मग बाकुडा जिल्ह्यातल्या पाचमुड्याला गेले. वाटेत विष्णुपूर लागतं, मल्ल राजांच्या भाजल्या मातीच्या देवळांचं गाव. जोडबांगला १६५५चं, मदनमोहनाचं देऊळ १६९४चं. भिंतीच्या भिंती कोरीव मातीच्या फरश्यांनी मढवलेल्या. तिथेच दलमादल नावाची भली मोठी तोफ आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत चालून आला, तेव्हा म्हणे प्रत्यक्ष मदनमोहनाने ही तोफ डागून बर्गींना पळवून लावलं. रिक्षावाल्याने ही कथा मला रंगवून सांगितली आणि मग विचारलं, दीदी, तुमचं मूळ गाव कुठलं? मी कलकत्ता म्हटलं. ज्या देशात आपल्या नावाने पोरांना झोपवतात तिथे नागपूर प्रत्येक वेळी सांगायलाच हवं असं नाही.

पाचमुड्याचा घोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान सरकारी हस्तकलेच्या दुकानाच्या पाटीवर तरी. उंच ताठ मान, पानासारखे कान. तो निखळ हातघडणीचा नाही हेही सांगायला हवं. पाय, मान, धड असे पोकळ भाग चाकावर काढतात आणि मग हाताने जोडतात. कान आणि शेपूट वेगळे करून नंतर बसवतात. मनसादेवीची चाळी, म्हणजे नागफण्यांची आणि आकृतींची चढती रास, यात हाताचं काम जास्त. आणि घोडा दोन रंगांत मिळतो, लाल आणि काळा. माती तीच. आव्याची धुराडी उघडी ठेवली तर लाल. ती लिंपून बंद केली, धूर आत कोंडला, तर काळा. हवा मिळेनाशी झाली की आग मातीतल्या लोहाकडचा प्राणवायू ओढून घेते आणि काजळी कणाकणांत शिरून बसते.

माझ्या पुस्तकात हे एक अख्खं प्रकरण होतं, धूर कोंडण्यावरचं. त्यात उदाहरण होतं न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्तिनेझचं, जिने नवरा हुलियानसह शंभर वर्षांपूर्वी काळ्यावर काळी भांडी केली. पेटती आग शेणाच्या भुग्याने घुसमटवून. मारियाचं काम थोर आहे, त्यात शंका नाही. पण आझमगढजवळच्या निझामाबादची काळी भांडी, मणिपुरातली लोंगपीची दगडाचा भुगा मिसळलेली काळी भांडी आणि पाचमुड्याचा काळा घोडा यांचा पुस्तकात उल्लेखही नव्हता. माझ्या मसुद्यात या सगळ्याचं नाव होतं 'पर्यायी'.

ज्यांच्या आव्यापाशी मी बसले होते त्या काकांना मी आमच्या पुस्तकातला आश्चर्याचा सिद्धांत सांगितला. आग काय करेल ते आधी कळत नाही, त्यातच गंमत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कोपऱ्यातला एक घोडा दाखवला, अर्धा लाल, अर्धा काळा, पोटावर करड्या ढगासारखा डाग. माझ्या गच्चीवरच्या मंडळींनी त्याच्यासाठी भांडणं केली असती. काकांनी त्याची किंमत शून्य सांगितली. लिंपण एका जागी तडकलं आणि त्या बाजूची रास वाया गेली, एवढंच. त्यांच्या लेखी ते आगीचं गूढ नव्हतं. हवा कुठून शिरली हे त्यांना बोट ठेवून दाखवता येत होतं.

त्या घोड्याजवळ मला 'शोभेची' हा माझा दुसरा शब्दही बोचायला लागला. मराठीत 'नुसता शोभेचा' म्हणजे निरुपयोगी. हे घोडे मुळात धर्मठाकूर, मनसा आणि गावोगावच्या देवांना नवसाचे वाहिलेले. झाडाखाली ओळीने उभे राहायचे, पावसापाण्यात झिजायचे, पडायचे. शोभेचे ते झाले दिवाणखान्यात आल्यावर. म्हणजे शोभा हा वस्तूचा गुण नसून तिचा बदललेला पत्ता. यात रडण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. दिवाणखाने नसते तर आज पाचमुड्यात किती आवे पेटले असते कोण जाणे. २०१८ साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही बाजारामुळेच. पण अनुवादकाला हे कळायला हवं, की एकाच शब्दाने पाचमुड्याचा घोडा आणि माझी सुरई यांना एका फळीवर बसवताना आपण काय पुसतो.

धूर कोंडण्याच्या त्या प्रकरणाला मी मग, प्रकाशकाच्या परवानगीने, दीड पानांची एक पुस्ती जोडली. तिच्यात एक गोष्ट विदर्भाची आहे. नागपूरच्या आसपास टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथल्या महापाषाणकालीन वसाहतींत आणि शिलावर्तुळांत काळी-तांबडी भांडी सापडली: आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली तांबडी. अशी ती पालथी घालून भाजल्याने होतात असं अभ्यासक सांगतात. तोंड राखेत, भुशात दडलेलं, तिथे हवा नाही. पाठ उघडी, तिथे हवा. एकाच भांड्यात दोन आगी. तशीच काळी-तांबडी खापरं, काळाने पुष्कळ आधीची, बंगालमध्ये अजय नदीकाठच्या पांडू राजार ढिबीत मिळाली. माहुरझरीहून ढिबीपर्यंत कोणी शिकवायला गेलं होतं असा माझा दावा नाही. आग आणि हवा यांचा हिशेब लोकांनी निरनिराळ्या ठिकाणी मांडला असेल. पण बर्गींच्या कितीतरी आधी या दोन मुलखांना जोडणारं काहीतरी माझ्या हाती आलं, याचा मला बालिश आनंद झाला. देवी प्रसाद हे त्या आनंदातलं दुसरं नाव. शांतिनिकेतनात शिकलेला हा कलावंत १९४४ साली सेवाग्रामला आला, नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवू लागला, आणि वर्ध्याच्या उन्हात मातीकामातही रमला. त्यांच्यावर मराठीत कोणी सविस्तर लिहायला हवं.

आणि पुस्तीतली शेवटची गोष्ट गोरोबांची. तेरचे गोरा कुंभार. मुक्ताबाई त्यांना सांगतात, या सगळ्या मडक्यांत कच्चं कोणतं ते पाहा. गोरोबा थापटणं उचलतात आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थापटी मारत जातात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतात, आणि ठरतं की नामदेव कच्चे. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात, गुरू करतात. गोष्ट शेकडो वेळा ऐकलेली. पण पाचमुड्याहून आल्यावर मी ती वेगळी ऐकली. भाजलेलं मडकं तपासायला कुंभार थापटणं घेत नाही. तो बोटाच्या पेराने टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. खणखणीत की बद्द. थापटणं असतं ओल्या मडक्यासाठी. आतून दगडी गोळ्याचा आधार धरायचा आणि बाहेरून थापटत बूड वाढवायचं. भाजलेल्या मडक्यावर ते चालवलं तर मडकं फुटेल. म्हणजे गोरोबांनी हातात घेतलं ते परीक्षेचं हत्यार नव्हतंच, घडवण्याचं होतं.

मराठीतला 'कच्चा' हा शब्द दोन्ही अवस्थांना चालतो: अजून आव्यात न गेलेला, आणि आव्यात जाऊनही नीट न भाजलेला. कीर्तनकार बहुधा दुसरा अर्थ घेतात, म्हणून श्रोते हसतात, नामदेव नापास होतात. पहिला अर्थ घेतला तर गोरोबा म्हणताहेत, याच्यावर अजून थापटणं चालतंय. इतरांवर ते वाजलं आणि काही झालं नाही. नामदेवांवर उमटलं. आणि पुढे पंजाबपर्यंत गेला तो नामदेव. गोष्ट रचणाऱ्याच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की कुंभाराची अवजारं ओळखणाऱ्या श्रोत्याला ती अशी ऐकू येऊ शकते. गोरोबांच्या स्वतःच्या नावावर मोजकेच अभंग आहेत आणि ते निर्गुणाचे. आव्याबद्दल ते आपल्याला काही सांगत नाहीत. कदाचित यजमानाला आगीचं नवल नसतं म्हणून.

जुन्या मराठी कोशांत 'आवा' आहे, संस्कृत 'आपाक'पासून आलेला. हिंदीत तो 'आवां' म्हणून जिवंत आहे. चित्रा मुद्गल यांच्या मुंबईच्या कामगार चळवळीवरच्या कादंबरीचं तेच नाव. बंगाली कुंभार 'पोआन' म्हणतो. अनुवादात मी सगळीकडे 'भट्टी' लिहिलं होतं, कारण 'आवा' शहरी वाचकाला अडेल अशी भीती होती. ते बदललं. भट्टी विजेची आणि गॅसची, आवा बाकीच्यांचा. मग एकेक प्रकरणाचं नाव बदलत गेले. उघडा आवा. खड्ड्यातली भाजणी. कोंडलेला धूर. पालथी भाजणी. तापल्या भांड्याला आंबवलेल्या पिठाच्या पाण्यात बुडवण्याची बाल्टिक किनाऱ्याकडची एक रीत आहे, तिला 'आंबोणीची भाजणी' म्हटलं, आणि या वेळी आईने काही विचारलं नाही. प्रस्तावनेत लेखिका ज्याला नुसतंच 'भाजणं' म्हणते, त्याला मी 'विजेची भाजणी' केलं. एवढ्या एका विशेषणाने तीही इतरांच्या ओळीत येऊन बसली. लेखिकेला कळवलं; तिने दोन दिवसांनी, काहीशा नाखुशीने, हो म्हटलं.

मुखपृष्ठावर मात्र माझं काही चाललं नाही. विक्री विभागाच्या मते 'पर्यायी' हा शब्द आजकाल चालतो. पर्यायी शाळा, पर्यायी उपचार, पर्यायी शेती. पुस्तक त्याच नावाने छापायला गेलं आहे. शेवटची मुद्रितं परवा आली. आत, पान ४३ वर, माझी एक चूक राहून गेली होती: काळ्या घोड्याच्या चित्राखाली 'आगीच्या लहरीने आलेला रंग' असं अजून होतं, पहिल्या मसुद्यातलं. मी ते खोडून 'धुराडी लिंपून आणलेला रंग' केलं आणि मुद्रितं परत पाठवली.